हात माझा आहे

१२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. वहिनीचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. इकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून.

माझ्या उजव्या हाताला मुंग्या येतात हे तुला ठाऊक आहेच. आता सुई धरली की बोटांतून निसटते आणि निसटली हेही कळत नाही. म्हणून चिरंजीव मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. इथली भाषा मला येत नाही, तेव्हा बोलणं सगळं त्याच्याकडे. त्या मला विचारायच्या आणि हा उत्तर द्यायचा. मी आपली नंदीबैलासारखी मान हलवत बसले होते.

पण दादा, एक गंमत झाली. दुपारी घर रिकामं असतं म्हणून मी कोपऱ्यावरच्या वाचनालयात भाषेच्या वर्गाला जाते, हे तुला लिहिलं होतं. तिथे शिकलेले शब्द अधूनमधून कानावर पडत होते. आई. आता. काम. नाही. शेवटी एक अख्खं वाक्य मला समजलं. बाईंनी विचारलं होतं की या हाताने काही काम करतात का, आणि माझा मुलगा म्हणाला की आईला आता काही काम नसतं. परक्या भाषेतलं मला पुरतं कळलेलं पहिलं वाक्य हे!

घरी आल्यावर खोदून विचारलं, तेव्हा कळलं. मनगटात नस दाबली गेली आहे. हाताने काम करायचं असेल तर लहानशी शस्त्रक्रिया, नसेल तर पट्टा बांधून गप्प बसायचं. माझ्या लेकाने माझ्यासाठी गप्प बसणं निवडलं. मला फार राग आला आहे. मी त्या बाईंना पुन्हा भेटणार आणि स्वतः बोलणार.

तुझी माया आहेच, या खेपेला बाजूही घे.
तुझी,
बबी

२ मार्च

चि. बबीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. ती हसली, मी नाही हसलो. अगं, साठी उलटली तुझी. या वयात पाटी-पेन्सिल घेऊन क, ख, ग गिरवायला बसलीस, त्याचं कौतुक आहे. पण मुलाशी भांडायला भाषा शिकणारी तू पहिलीच असशील.

तो वाईट बोलला का? जन्मभर तू लोकांचे कपडे शिवलेस, त्यावरच त्याला शिकवलंस. आता त्याला वाटतं, आईने बसून खावं. मुलाच्या घरी आहेस, त्याच्या कलाने घे. हातावर सुरी चालवून घेणं म्हणजे खेळ नव्हे. बिघडलं काही तर होतं नव्हतं तेही जाईल. मला भीती वाटते, हे सरळच सांगतो.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझा,
दादा

२० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रागावले आहे, आणि पत्रही पाठवते आहे.

एक सांग. उद्या तुझ्या लेकाने दुकानातून तुझा चिमटा आणि भिंग उचलून माळ्यावर टाकलं आणि म्हणाला की बाबा, आता घड्याळं पुरे, तर तू त्याच्या कलाने घेशील? माझी कात्री इथे वरच्या फडताळात ठेवली आहे. का, तर आईला लागेल. मी पोरासोरांची झबली बेतली त्या कात्रीने, कधी लागली नाही. बसून खा म्हणतोस. बसून माणूस किती खाणार?

वर्गात माझ्या शेजारी एक न्हावी बसतो. माझ्याच वयाचा, भलत्याच देशातला. माझी भाषा त्याला येत नाही, त्याची मला येत नाही, तेव्हा आम्ही दोघं इथल्या मोडक्यातोडक्या भाषेत बोलतो आणि एकमेकांना झकास समजतो. मास्तरीणबाईंनी पहिल्यांदा शिकवलं ते कशा आहात आणि ठीक आहे. मी रोज ठीक आहे म्हणते. न्हाव्याला विचारलं की तो पाठ, पाय, जावई, सगळ्यांची तक्रार सांगतो. त्याच्याकडे म्हणे विचारणाऱ्याला खरं सांगायची रीत आहे, नाहीतर तो अपमान समजतो. आपल्याकडे कसं, आधी बरं आहे म्हणायचं, मग समोरचा पुन्हा विचारतो, मग आपण तोंड उघडतो. मास्तरीणबाई म्हणाल्या की इथे दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही.

सुई, दोरा, मनगट, बधिर, पडते. एवढे शब्द पाठ झाले. दवाखान्यात फोन मीच केला. फोनवर हातवारे करता येत नाहीत, तरी केले. वेळ मिळाली आहे.

तुझा आशीर्वाद माझ्या बाजूचा नसेल तर राहू दे, मी बिनआशीर्वादाची जाईन.
बबी

५ एप्रिल

चि. बबीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून परवा दुपारी एक प्रयोग केला. गल्ल्यामागे नुसता हात मांडीवर ठेवून बसलो. समोर एक उघडलेलं घड्याळ होतं. चहा यायच्या आत मी चिमटा उचलला होता. वहिनी म्हणते, सिद्ध झालं.

जा. भीती अजून वाटते, पण ती माझ्याकडे राहू दे. तू तिकडे नेऊ नकोस. आणि ठीक आहे म्हणू नकोस.

आशीर्वाद पुरून उरेल एवढा पाठवला आहे.
तुझा,
दादा

३० मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अक्षर लागलं नाही तर वहिनीकडून लावून घे. डाव्या हाताने लिहिते आहे, कारण उजवा पट्टीत आहे. हो, शस्त्रक्रिया झाली!

बाईंच्या भेटीच्या दिवशी चिरंजीव हट्टाने बरोबर आला. आत गेले, बाईंनी विचारलं कशा आहात, आणि दादा, माझी जीभ! इतकी घोकंपट्टी करून तोंडातून निघालं ते ठीक आहे. तू बजावलं होतंस तरी. बाईंनी हसून मान डोलावली आणि कागद मिटायला घेतले. दुसऱ्यांदा विचारणार नव्हत्याच. मुलगा खुर्चीतून उठला. मग मी टेबलावर हात आपटला, तोही नेमका दुखरा, आणि त्यांच्या भाषेत म्हणाले की नाही, ठीक नाही, मी खोटं बोलले. सुई पडते. रडू येतं. मी शिंपी आहे. हात माझा आहे. व्याकरणाचं पार खोबरं झालं असेल, पण बाईंनी कागद पुन्हा उघडले.

तरी सवयीने त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो बोलणार तेवढ्यात मी त्याला बाहेर बसायला सांगितलं, तेही त्यांच्याच भाषेत, म्हणजे बाईंनाही कळावं की बोलणार मीच. तो गेला. घरी आल्यावर जेवताना म्हणाला की त्याला वाटत होतं, तो मला त्रासातून वाचवतो आहे. मी म्हटलं, तुझी माया कळते रे, पण तिने माझं तोंड शिवलं होतं. मग दोघंही रडलो. कात्री त्याने आपणहून खाली काढली.

बोटांना आता जाग आली आहे. काल न्हावीबुवांनी पट्टीबाहेरच्या माझ्या बोटांत बटण ठेवलं आणि डोळे मिटायला लावले. बटणाची चारही भोकं मला बोटांनी मोजता आली.

आणि हे तुझ्यासाठी राखून ठेवलं आहे. शस्त्रक्रियेच्या सकाळी दवाखान्याच्या दाराशी बसलेल्या माणसाने चिरंजीवाला विचारलं की तुमच्या आईला कुठला हात दुखतो, काय काम करतात, काही ॲलर्जी आहे का. मी पाहतच होते. तो बाजूला सरकला आणि म्हणाला की त्या शिंपी आहेत, बाकीचं त्यांनाच विचारा.

तुझ्या लोभाला धक्का न लावता,
तुझी,
बबी