मेलेल्या घड्याळवाल्याचा चहा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? (थांबला नसेल तरी थांबल्याचं कळव, सध्या मला वाईट बातमी सोसत नाही.) इकडे सगळे खुशाल, म्हणजे मुलगा आणि सून खुशाल आहेत. माझ्या छातीत मात्र गेले आठ दिवस कुणीतरी पुठ्ठा ठोकत बसल्यासारखं होतंय. डॉक्टर म्हणतात, काही नाही. डॉक्टरांनी ते पुस्तक वाचलेलं नाही.

पुस्तक म्हणजे आमच्या वाचक मंडळाच्या लाडक्या लेखकाचं. येत्या रविवारी त्यांचा वाढदिवस. ते जाऊन तीस वर्षं झाली, पण मंडळ वाढदिवस चुकवत नाही. सकाळी नऊला बसायचं आणि दिवे लागेपर्यंत त्यांची सहाशे पानांची कादंबरी जमेल तेवढी मोठ्यानं वाचायची. ती कुणालाच पुरती समजलेली नाही, आणि समजेल या आशेवर कुणी मंडळही सोडत नाही. मी तर वर्षभर या दिवसाची वाट बघतो. गेल्या महिन्यातच सदरा इस्त्री करून ठेवलाय (सून दर आठवड्याला तो कपाटातून काढते, मी परत ठेवतो). पण यंदा वाटतं, रविवार गाळून एकदम सोमवारच उजाडावा.

आता तू म्हणशील, सहावीत शाळा सोडलेला हा बाइंडर त्या शिकलेल्या माणसांत घुसला कसा. तुला कधी नीट सांगितलंच नाही. बारा वर्षांपूर्वी मंडळाच्या अध्यक्ष बाई, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, त्या पुस्तकाची सुटी झालेली पानं पिशवीत घेऊन माझ्या दुकानात आल्या. तेव्हा तुझी भावजय दवाखान्यात होती. मी दिवसा तिच्या उशाशी बसायचो आणि संध्याकाळी तासभर दुकान उघडायचो. हात शिवत होते, डोकं तिकडे होतं. पुस्तक बांधून झालं त्याच आठवड्यात ती गेली. महिन्याभरानं पुस्तक पोचवायला गेलो तर नेमका वाढदिवस. बाई म्हणाल्या, "बसा हो बाइंडर, तुमच्याच हातची प्रत आहे, ऐका तरी." बसलो. नववं प्रकरण चालू होतं.

त्यात एक घड्याळवाला आहे. तो दुकानातच मरतो, भिंतीवरची सगळी घड्याळं तशीच चालू राहतात. पण सोळा पानांनंतर तोच घड्याळवाला दार ढकलून आत येतो, चष्मा पुसतो आणि म्हणतो, चहात साखर कमी आहे. कुणी दचकत नाही, कुणी विचारत नाही. त्याच्यासाठी कप मांडलेलाच असतो. त्या दिवशी घरी येऊन मी दोन कप चहा टाकला. सून म्हणाली, "बाबा, दुसरा कुणाला?" म्हटलं, राहू दे. तेव्हापासून रोज दोनच टाकतो. (दुसरा थंड झाल्यावर मीच पितो, वाया घालवत नाही.)

या सोळा पानांवर मंडळानं बारा वर्षं काढली. बाईंनी त्यावर लेख लिहिला, की या लेखकाला मरण म्हणजे नुसता स्वल्पविराम. औषधांच्या दुकानाचे मालक आमचे चिटणीस. त्यांना त्यातलं एक वाक्य इतकं आवडतं की यंदाच्या फलकावर तेच रंगवून घेतलंय: "त्याने दार उघडलं आणि समुद्र विसरला." कोण विसरला, काय विसरला, यावर दोन सभा झाल्या. मी गप्प बसायचो. त्यावर चिटणीस म्हणाले, "बघा, बाइंडर बोलत नाहीत. ह्यांनाच खरं कळलंय."

आणि म्हणून यंदा मला व्यासपीठावर बसवलंय. या लेखकावर चाळीस वर्षं घालवलेले एक मोठे प्राध्यापक पाहुणे येताहेत. नववं प्रकरण त्यांनी आणि मी वाचायचं, एक पान त्यांनी त्यांच्या प्रतीतून, एक पान मी आमच्या. सराव व्हावा म्हणून त्यांनी त्या प्रकरणाची झेरॉक्स पाठवली. मी चष्मा लावून बसलो, आणि ताई, चष्मा काढून, पुसून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्यांच्या झेरॉक्समध्ये घड्याळवाला आधी चहा पितो आणि मग मरतो.

मला वाटलं, झेरॉक्सवाल्यानं घोळ केला. पण त्यावर पानांचे आकडे होते. मग मी सरावासाठी घरी आणलेली आमची प्रत उघडून शिलाई तपासली. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधतात, हे तुला माहीत आहे. मी दोन फर्मे उलटे शिवले होते, पुढचा आधी आणि आधीचा पुढे. ते फलकावरचं वाक्य अर्धं लेखकाचं आहे आणि उरलेलं अर्धंही लेखकाचंच, पण मधला जोड माझा. आजवर कुणाला कळलं नाही, कारण मंडळाकडे हीच एक प्रत आहे, आणि पानांच्या कडा जीर्ण होत्या म्हणून मी त्या सढळ हातानं कापल्या होत्या. त्यात आकडेच उडाले.

आता रविवारी काय होईल ते डोळ्यांपुढे दिसतं. मी घड्याळवाल्याला मारणार आणि त्याच वेळी प्राध्यापक त्याला चहा पाजणार. मग सगळी मंडळी माझ्याकडे बघणार. बाईंचा लेख, फलक, खिडकीजवळची माझी खुर्ची, सगळं गेलं. बारा वर्षांत मला तीच एक जागा मिळाली, जिथे गप्प बसलं तरी कुणी कीव करत नाही. म्हणून मी ठरवलंय, उद्याच बाईंकडे जायचं आणि सगळं कबूल करायचं. तू लहानपणी म्हणायचीस ना, खरं बोलून टाकलं की भूक लागते. दोन दिवस मला भूक नाही. भावोजींना नमस्कार सांग, जावयाला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. दुकान बंद करून घर बदलताना माझी हत्यारांची पेटी तुझ्या माळ्यावर ठेवली होती, दाभण, मेणाचा दोरा आणि पुस्तकं दाबायचा शिकंजा. शुक्रवारी जावई इकडे येतोय, त्याच्या हाती पाठव. सहज. हात लावून बघावंसं वाटतं.

ता. क. २. हे लिहून झाल्यावर बाईंकडे गेलो होतो. कबूल करायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या हातात पार्सल ठेवलं. प्राध्यापकांनी स्वतःची प्रत आधीच धाडली आहे. पुस्तकाची पाठ सुटलीय, तुमच्या बाइंडरांची कीर्ती ऐकली, रविवारपर्यंत बांधून होईल का, असं लिहिलंय. ती आता माझ्या टेबलावर आहे. त्यांना नववं प्रकरण तोंडपाठ असेल तर माझं काही खरं नाही, पण बाई म्हणतात या लेखकाचं कुणालाच काही पाठ होत नाही. शेवटपर्यंत चाळून बघितली. त्यांच्या प्रतीत घड्याळवाला मेला की पुढे कुणी त्याचा कप मांडत नाही. चारशे पानं, ताई.

ता. क. ३. पेटीच्या तळाशी कडा कापायचं मोठं पातं फडक्यात गुंडाळलेलं आहे. ते विसरू नकोस. प्राध्यापकांच्या पुस्तकात पानांचे आकडे जरा जास्तच ठळक छापलेत.