पांढरा पडलेला ऑक्टोपस

१२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बंदराच्या कचेरीने भिंतीसाठी ऑक्टोपसचं चित्र सांगितलंय. माझं पहिलंच मोठं काम! ह्यांच्या मासळीच्या वखारीतून एक जिवंत मागून घेतला, न्हाणीघरात टबात ठेवलाय. मेला की त्याचा रंग जातो, पांढराफटक पडतो, म्हणून जिवंतपणीच काढायचा. लबाड आहे गं. ब्रश हिसकावतो, मनगटाला विळखा घालतो. सोडवला की गोल गोल वळ उठतात.

त्याच हातावर ह्यांच्या बोटांचेही वळ आहेत. परवा वाढायला उशीर झाला. म्हणाले, तो आठ हातांचा तुला माझ्यापेक्षा प्यारा. तू मनाला लावून घेऊ नकोस आणि ह्यांना काही कळू देऊ नकोस.

माया आहेच, ती राहू दे.
तुझी धाकटी

१८ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

आठ हात असून तुझा पाहुणा एक भांडं घासत नाही, म्हणजे तुझ्याच वळणावर गेलाय!

कळू देऊ नकोस म्हणतेस, पण गप्प बसून कसं चालेल? मेहुणे वाईट नाहीत, त्यांना कोणी समजावलेलं नाही. देवापुढे बसून त्यांना चार शब्द लिहिलेत. कर्त्या पुरुषाच्या नावाने पत्र जावं, म्हणून पाकिटावर त्यांचंच नाव घातलंय. दोन तिकिटं कशाला, तुझंही पत्र आतच आहे. देव त्यांना सुबुद्धी देईल.

जिवाला जप, एवढंच मागणं.
ताई

२६ मार्च

ताई,

डाव्या हाताचं अक्षर आहे, लावून वाच.

पाकीट ह्यांनीच फोडलं. दोन्ही पत्रं मोठ्याने वाचली. मग ऑक्टोपस टबातून ओढून काढला. मऊ व्हावा म्हणून वखारीत दगडावर आपटतात, तसा धुण्याच्या दगडावर आपटू लागले. तुझं एक वाक्य, की एक आपट. तो लाल झाला, काळा झाला, मग पांढरा. मी मध्ये हात घातला. तो हात दगडावर दाबून धरला आणि बत्त्याने ठेचला. तीन बोटं मोडलीत. दवाखान्यात ह्यांनी सांगितलं, दारात सापडली. मी मान डोलावली.

चित्र डाव्या हाताने पुरं केलंय. दगड, पांढरा ऑक्टोपस आणि वर उगारलेलं केसाळ मनगट, ह्यांचं. शेजारणीकडे लपवलंय. पाहतील त्या दिवशी मला जिवंत ठेवणार नाहीत. हे पत्र तीच टाकेल.

ये.

२ एप्रिल

श्री. मेहुण्यांस,
स. न. वि. वि.

काल तुम्ही वखारीत असताना मी धाकटीला घेऊन आले. चित्र कचेरीत पोचतं केलं. तिथल्या साहेबांनी विचारलं, हे मनगट कोणाचं? तिने तुमचं नाव सांगितलं. डॉक्टरांना आणि पोलिसांनाही बोटांचं खरं सांगितलं.

तिने बजावलं असताना तुम्हाला लिहिलं, ही माझी चूक. देवापुढे त्याचा जाब मी देईन. तुमचा तुम्ही द्या.

तुम्ही तिला न्यायला येणार, हे मी जाणून आहे. दाराशी कोयता घेऊन बसले आहे. जो पाय उंबऱ्याच्या आत पडेल, तो परत जाणार नाही. आजवर मी मुंगी मारलेली नाही, हाताला सवय नाही. तेव्हा एका घावात तुटेल, अशा भरवशावर येऊ नका.

आजवरचा लोभ इथे संपला.
धाकटीची ताई