गादीखालचा आवाज

२ मार्च

ताईचा कार्यक्रम पार पडला. घशाच्या शस्त्रक्रियेआधीचा शेवटचा. नंतर गाता येईल का, हे डॉक्टर सांगत नाहीत. म्हणजे हे रेकॉर्डिंग उत्तमच व्हायला हवं. आणि ते कोणाच्या हाती? आमच्या! सख्खा धाकटा भाऊ, ध्वनिमुद्रक. ताईच्या भाषेत ‘वायरी गुंडाळणारा’.

दोन मायक्रोफोन तिच्यासमोर ठेवले. दोन छताला टांगले, टाळ्या टिपायला. त्यांच्याच खाली माझं टेबल. रचनेवर मी फार खूश आहे.

४ मार्च

ऐकलं. खोकला. खुर्ची. पुन्हा खोकला — लोक काय दवाखान्यातून थेट आले होते? आणि शेवटच्या गाण्यात ताईचा आवाज वर जाऊन थांबतो, नेमका तिथे कुणी तरी मूर्ख खणखणीत ओरडतो — “वा गं!”

सापडला तर बघतो त्याला.

५ मार्च

साफसफाई. छताच्या दोन्ही मायक्रोफोनचा आवाज प्रतीतून काढून टाकला. खोकले गेले, खुर्च्या गेल्या, मूर्खही गेला. लखलखीत!

६ मार्च

बायकोला मूळ रेकॉर्डिंगमधला तो मूर्ख ऐकवला. वर चार शिव्या हासडल्या. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, “अहो, ताईंना भरसभेत ‘गं’ म्हणणारं दुसरं आहे कोण?”

पुन्हा ऐकलं.

मीच. कानांवर हेडफोन, त्यामुळे स्वतःचा आवाज ऐकू आला नाही. नवशिक्यांना आजवर बजावत आलो — ध्वनिमुद्रकाला कान असतात, तोंड नसतं!

७ मार्च

कुणाला सांगायचं नाही. बायकोला आधीच ठाऊक आहे, म्हणजे संपलंच.

९ मार्च

ताई आली. उद्या दाखल व्हायचंय. लखलखीत प्रत लावली. तिनं मान तिरकी केली.

“मी कुठे गातेय रे? गादीखाली?”

“अगं, खोकले काढलेत.”

“माणसं काढलीस.”

नाइलाजानं मूळ लावलं. सभागृह आलं. आवाज मागच्या भिंतीपर्यंत जातो, तिथून थोडा मऊ होऊन परतताना ऐकू येतो. कुणी तरी खोकला दाबतो, आणि त्या दाबण्यावरूनच कळतं की सगळे कान देऊन बसलेत. एम. ए.ला मी ‘मौनाचे सौंदर्य’ या विषयावर लांबलचक निबंध लिहिला होता. त्यात खोकल्याचा उल्लेख नव्हता.

मग ते आलंच. “वा गं!”

मी एक वायर गुंडाळायला घेतली.

“हा कोण रे?”

“असेल कुणी तरी.”

“गाढवा! जन्मात माझ्या गाण्याला ‘बरं झालं’च्या पुढे गेला नाहीस. हे काढलंस तर बघ.”

नाही काढत. डोळ्यांत काही तरी गेलं म्हणून स्वयंपाकघरात गेलो. तिथे बायको. तिच्याही डोळ्यांत काही तरी गेलं होतं.

१० मार्च

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांना गाण्याचं विचारलं. त्यांनी चष्मा पुसला.

२ एप्रिल

आज ताईनं सूर लावला. दार करकरावं तसा. मोडला. पुन्हा लावला. जाड, खालचा — कुणा तिसऱ्याच बाईचा. माझा चेहरा पडला. ताई मात्र हसतेय! म्हणाली, “हिची ओळख करून घ्यायला हवी.” उद्यापासून रियाज. मलाही बोलावलंय. मायक्रोफोन न घेता.