तळेघरहून येणारा डबा

जुन्नर
सोमवार, १२ ऑक्टोबर २००९

आई, इतकी वर्षं तुला एक ओळही लिहिली नाही, माफ कर. लग्न झाल्यावर दर पंधरा दिवसांनी मी तुला कार्ड टाकायचे. तू उलट कार्ड कधी पाठवलं नाहीस, ओतूरहून जुन्नरला कुणी येणार असेल त्याच्याकडे निरोप द्यायचीस. तू गेल्यावर मी डायरी लिहीत राहिले, रोज, न चुकता, पण तुला म्हणून काही लिहिलं नाही. वेळ नव्हता असं सांगणार नाही. तुला लिहायचं तर तिच्याबद्दल लिहावं लागणार, हे मला माहीत होतं.

ती म्हणजे तळेघरची मुलगी. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, पुढची खोली रिकामी होती, आणि ओतूरच्या कॉलेजात शिकायला आलेली ही डोंगरातली पोरगी तू भाड्याने ठेवून घेतलीस. तुला सोबत झाली म्हणून मला बरंच वाटलं होतं. त्या वर्षीच्या डायरीत तसं लिहिलेलं आहे, मी मुद्दाम काढून पाहिलं. पुढच्या वर्षीच्या डायरीत तसं नाही.

पुढच्या वर्षी, म्हणजे शहाण्णवच्या दिवाळीत, मी माहेरी आले. ग्रंथालयात नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून मी तुला विजेचा गोल ओव्हन आणून दिला होता, अॅल्युमिनियमचा, झाकणात काच असलेला. यंदा आईच्या नानकटाया माझ्या ओव्हनमध्ये होणार, हे मी एसटीत बसून ओतूर येईपर्यंत मनात घोळवत होते. घरात शिरले तर तुम्ही दोघी मागच्या पडवीत बसलेल्या. चुलीवर जाड बुडाचं पातेलं, त्यात नदीची वाळू, वाळूवर ताटली, आणि वर झाकणावर निखारे. ती पोरगी फुंकणी न घेता नुसत्या पदराने वारा घालते आहे आणि तू तिच्याकडे बघते आहेस. तसं बघणं मला ओळखीचं होतं. मी दहावीत शाळेत पहिली आले होते तेव्हाचं.

"आई, ओव्हन कुठाय?"

"हाय की फडताळात. लाईट टिकत न्हाई बाई. निम्म्यात गेली की सगळा घाणा बसतो. ही बघ, निखाऱ्यावर कसं भाजती."

"आमच्याकडं समदं आरावरच असतंय ताई," ती म्हणाली. "आमी लाईटची वाट बघत बसलो तर उपाशी मरू."

तू हसलीस. मीही हसले. हात धुऊन परातीपाशी बसले आणि गोळे वळायला लागले. पाच-सहा वळून झाले असतील. तू ते ताटलीतून उचललेस, मोडलेस आणि पुन्हा पिठात मिसळलेस.

"तुझा हात गरम हाय. तूप सुटतं. तू आपली चहा टाक."

मी चहा टाकायला उठले. मला बरं वाटावं म्हणून ती म्हणाली, "ताईंच्या हातचा च्या लई भारी व्हतो, मावशी." तिने माझ्या हातचा चहा तोवर एकदाही प्यायला नव्हता.

चहा उकळताना मी दारातून बघत होते. तू ब्लाउज शिवताना बोटात घालायचीस ते पितळी टोपण नानकटाईवर दाबायचीस. त्याच्या बारीक खळग्यांची नक्षी उमटायची आणि मधोमध एक चारोळी. लहानपणी चारोळ्या लावायचं काम माझं होतं. टोपणाला हात लावायचा नाही, दाब कमी-जास्त झाला तर कड फाटते. मोठी झाले की आपल्याला टोपण मिळेल, असं मी धरून चालले होते. त्या दिवशी ते तिच्या बोटात होतं. एकही कड फाटत नव्हती. मी तुझ्याकडे ते कधी मागितलं नाही, हेही खरं. मागितलं असतं तर दिलं असतंस की नाही, हे मला ठाऊक नाही, तेव्हा तुला दोष देणं बरोबर नाही. तरी तेरा वर्षं देते आहे. निघताना तू ओव्हन जुन्या लुगड्यात बांधून माझ्या हाती दिलास. "हे तू ने. जुन्नरात लाईट टिकती." तुझ्या मनात काही नव्हतं. मी मात्र एसटीत तो मांडीवर घेऊन बसले होते आणि नारायणगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते.

तू गेलीस तेव्हा ती दहाव्याला आली. तोवर तिला तळेघरच्या बाजूलाच शाळेत नोकरी लागली होती, लग्न झालं होतं. पहाटे चालत रस्त्याला येऊन, दोन गाड्या बदलून ती आली आणि घाटावर इतकी रडली की एका बाईने मला विचारलं, "थोरली लेक का ही?" मला रडू येत नव्हतं. मी म्हणाले, "नाही, भाडेकरू." हा शब्द मी निवडून वापरला होता.

आणि त्याच दिवाळीत पहिला डबा आला. भीमाशंकरकडून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे तिने दिला होता, मी कामावरून येताना स्टँडवरून घेतला. उघडला तर तुझ्या नानकटाया. तोच रंग, तीच नक्षी, जिभेवर ठेवली की विरघळणारी तीच चव. मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, माझ्या घरातली वस्तू कुणीतरी नेली आणि सणाला मला ती भेट म्हणून पाठवली. मी त्या आपल्या डब्यात भरल्या. फराळाच्या वेळी सासूबाईंनी एक खाल्ली आणि आल्या-गेल्यांसमोर म्हणाल्या, "आईचा हात उतरलाय गं तुझ्यात." मी काही बोलले नाही. 'मी खोटं बोलले नाही,' असं त्या दिवशी डायरीत लिहिलं आहे आणि खाली रेघ ओढली आहे. रेघ का ओढावी लागली, हे तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

असे आठ डबे आले. दुसऱ्या वर्षापासून मी तयारीही करायला लागले. सासूबाई दुपारी कीर्तनाला गेल्या की ओव्हन लावायचा, काहीतरी करपवायचं, म्हणजे घरात वास तरी राहतो. करपलेलं गल्लीतल्या गाईला. मग संध्याकाळी स्टँड. आळीतल्या बायका मला प्रमाण विचारायला येतात. मी सांगते, "प्रमाणात काही नसतं, हातात असतं." हे तर मी खरंच सांगत होते.

परवा डब्याऐवजी चिठ्ठी आली. अक्षर तिच्या मुलीचं, सांगणं तिचं. 'ताई, पायरीवरून पडले. उजव्या हाताला प्लास्टर हाय. यंदा माझ्याच्यानं व्हायचं नाय. पोरांना मावशींच्या नानकटायाबिगर दिवाळी वाटत नाय, तर यंदा तुमी पाठवा. मावशी मला नेहमी म्हणायच्या, माझ्या लेकीनं मनावर घेतलं तर माझ्यापेक्षा सरस करील, पण तिला घाई लई.'

हे तू तिला म्हणालीस. नेहमी म्हणालीस. मला एकदाही का नाही? चिठ्ठी वाचून मला पहिल्यांदा हेच वाटलं. तिचा हात मोडलाय, हे नंतर लक्षात आलं. लिहितानाही लाज वाटते, पण क्रम हाच होता.

कालपासून तीन घाणे केले. पहिला पसरून एकीला दुसरी चिकटून थालीपीठ झालं. दुसरा फोडायला बत्ता लागला असता. तिसऱ्याच्या वेळी बर्फाच्या पाण्यात हात बुडवून वळले, तुझं बोलणं आठवून. टोपण तिच्याकडे, म्हणून वर नक्षी काढायला काटा-चमचा घेतला. रंग बरा आला, पण चव मैद्याची. सासूबाई स्वयंपाकघरात आल्या, एक तुकडा तोंडात टाकला, माझ्याकडे बघितलं.

"यंदा काय झालं गं?"

"तूप चांगलं नाही मिळालं."

"आठ वर्सं केल्यास तशाच कर की. तूप काय, दरवर्षी त्याच दुकानातलं."

त्या गेल्यावर मी ओटा पुसून घेतला. बेकरीतून आणून पाठवाव्यात, असंही मनात आलं. पण ती एक घास खाऊन ओळखेल. बाकी सगळ्या जुन्नरला फसवता आलं, तिला नाही येणार, कारण या सगळ्यांत चव फक्त तिला माहीत आहे. मलाही तितकी नाही. मी खाल्ल्या, तिने केल्या.

पोरं वाट बघताहेत. डबा गुरुवारच्या गाडीला द्यायला हवा. आता तिला विचारल्याशिवाय मार्ग नाही, आणि विचारलं की तिला कळणार की मला येत नाही, कधीच येत नव्हतं. सासूबाईंना खरं सांगेन, ते मला तितकं अवघड वाटत नाही. त्या दोन दिवस बोलतील, मग दिवाळीच्या कामात विसरतील. तुला एक कबूल करते. आठ वर्षांच्या खोटेपणाची मला वाटायला हवी तेवढी लाज वाटत नाही. खरी लाज वाटते आहे ती तुझी नानकटाई तिच्याकडून शिकण्याची.

उद्या: तिची शाळा भरायच्या आधी फोन करून विचारायचं, तूप किती वेळ फेसायचं.