सड्यावरची आमरी

सर, तुमची ती ऑर्किड, आमरी, यंदाही फुललीय. राधानगरीच्या वर, त्याच सड्याच्या उघड्या पठारावर, कातळाच्या खळग्यात मूठभर माती साठते तिथं. रविवारी बघून आले. आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

त्या सड्यावर रिसॉर्ट येतंय. पाहणीवाले आले ते ऐन मे महिन्यात. तेव्हा आमरीचा कंद मातीखाली असतो आणि वर नुसता तापलेला कातळ. इथं काही उगवत नाही असं ठरवून ते गेले. मी फुलाचं नाव काढलं तर सरपंच म्हणाले, "मॅडम, एवढं दुर्मीळ हाय म्हणता, तर दावा की. न बघता आमी कसं मानायचं?" त्यांचं काय चुकलं? पण पलीकडच्या सड्यावरच्या आमरीचा फोटो कुणीतरी मोबाइलवर टाकला आणि पुढच्या पावसाळ्यात तिथं गाड्यांची रांग लागली. फुलं पायाखाली गेली, कंद औषधी म्हणून उकरून नेले. गप्प बसले तर बुलडोझर, बोलले तर ही जत्रा.

मी तुमची विद्यार्थिनी होते तेव्हाचा तो दिवस सारखा आठवतो. पहिल्यांदाच आमरी सापडली म्हणून हरखून मी वेणीची लाल रिबन शेजारच्या झुडपाला बांधतेय. सड्यावर तुम्ही सगळ्यांना अनवाणीच चालवायचात. तुम्ही चपला हातात घेऊन येता आणि रिबन सोडता. "खूण करतीस व्हय? चोराला पाटीच लावलीस की. कुणी इचारलं तर डोंगराकडं बोट करायचं. कुठला डोंगर, ते सांगायचं न्हाय." मी दिवसभर फुगून बसले. संध्याकाळी उचगावला तुमच्या स्वयंपाकघरात काकूंनी पिठलं-भाकरी वाढली, तेव्हा तुम्ही रिबनची घडी माझ्या ताटाशेजारी ठेवलीत.

आता मी तुमच्याच कॉलेजात शिकवते. माझ्या विद्यार्थ्यांनाही मी नुसतं डोंगराकडं बोट दाखवलं. म्हणूनच आज 'हो, मीही पाहिली' म्हणायला माझ्या बाजूनं एकही माणूस नाही. आपण ती इतकी जपली सर, की ती आहे हेच कुणाला ठाऊक नाही. याचा मला तुमच्यावर राग येतो, आणि तो काढायला तुम्ही नाही.

उद्या सकाळी सरपंचांना आणि पाहणीवाल्यांना वर नेणार आहे. चपला काढायला सांगेन, ऐकतील असं वाटत नाही. पर्समध्ये लाल रिबन घेतलीय. फुलाभोवती बांधावीच लागेल, नाहीतर बघायला आलेल्यांच्याच पायाखाली जाईल. हे पत्र कुठं टाकणार मी? फक्त एवढंच सांगायचं होतं, की तुम्ही नाही याचं आज पहिल्यांदाच बरं वाटलं.