मागचं दार

प्रिय छोटे,

तुझा फोन तुझ्याआधी तुझा नवराच बघतो, म्हणून हा कागद. आई तुझ्या हातात देईल. न्हाणीघरात कडी लावून वाच आणि झाला की तिथेच भिजवून टाक. तू माझ्यावर रागावली आहेस, पोलीस चौकीत माझ्याकडे मान वर करूनही बघितलं नाहीस. खुशाल रागावलेली राहा, पण शेवटपर्यंत वाच. रविवारी तो तुला नव्या नोकरीच्या गावी नेतोय आणि तिथे तुझ्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. तिथे पोचल्यावर तुझं काय होणार हे मला ठाऊक आहे. खरं सांग, तुलाही ठाऊक आहे.

गाड्यांच्या कंपनीत अपघाताच्या चाचण्या घ्यायचं माझं काम चालूच आहे. तुमच्या दारात उभी आहे तसलीच विजेवरची छोटी, उंच गाडी मी रोज फोडते. शेडच्या टोकाला काँक्रीटची भिंत आहे, तिच्यावर गाडी सोडायची. दणका होतो, नाक चुरगळतं, एअरबॅगा फुटतात, काचांचा सडा पडतो आणि मग मी वाकून आतले पुतळे बाहेर ओढते. त्यातली बाई अगदी तुझ्या बांध्याची आहे. तिच्या कपाळाला आम्ही ओला रंग फासतो, म्हणजे डोकं कुठे आपटलं ते डागावरून कळतं. परवा तिला उचलताना मला रडूच फुटलं. तुझं डोकं कुठे आपटतं ते कळायला रंग नाही लागत. कपाटाची कड, ओट्याचा कोपरा, तूच मला एकेक जागा दाखवली होतीस.

त्या दिवशी आईकडे तो गाडी मिरवायला आला, ते आठवून अजून माझं डोकं भणभणतं. आवाज नाही, गिअर नाही, छत काचेचं, हँडलं दारातच दडलेली, आणि सगळा कारभार फोनवर. बाबा तर जावयाचं तोंडभरून कौतुक करत होते. तू हसत एवढंच म्हणालीस, की एका चार्जिंगमध्ये कंपनी सांगते तेवढी काही ही धावत नाही. बस. चार लोकांत बायकोने शब्द खाली पाडला ना त्याचा! माझा चष्मा मागच्या सीटवर राहिलाय, आण जरा, असं त्याने गोड आवाजात सांगितलं. तू आत शिरलीस, त्याने दार लावलं, फोनवरून कुलूप घातलं आणि फोनवरूनच आतला हीटर पूर्ण सोडला. भर उन्हात. बाबांना वाटलं, जावई गंमत करतोय. तू दोन्ही हातांनी काच बडवत होतीस, केस तोंडाला चिकटले होते, ओरडत होतीस आणि बाहेर काही ऐकू येत नव्हतं. ती गाडी इतकी बंदिस्त आम्हीच केली गं. तिची जाहिरातही तशीच करतात.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. चाकाचा पाना हातात कधी आला ते मला आठवत नाही. फोन धरलेल्या हाताच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला आणि मला बरं वाटलं, हे मी चौकीतही लिहून दिलंय. तो खाली बसला, तर त्याच मोडक्या हाताचा अंगठा फोनवर दाबून मी गाडी उघडली. तो गुरासारखा ओरडत होता. दार उघडल्यावरही मी दाबतच राहिले. तू घामाने निथळत बाहेर आलीस, मला ओलांडून त्याच्यापाशी गेलीस आणि म्हणालीस, "ताई, तू माझं घर मोडलंस." पान्याचा घाव त्याला बसला, पण हा मला बसला. अजून दुखतो.

त्याच्याजवळ फिरकायचं नाही, या अटीवर मला सोडलंय. पुन्हा दिसले तर थेट आत. आणि त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला म्हणून तुझी सुटका झाली नाही, डावा मोकळाच आहे. आईने तुझा फाटलेला ओठ बघितला. इतकी वर्षं मूग गिळून बसलेली आपली आई माझ्या शेडवर आली, त्या फुटक्या गाड्यांमध्ये स्टुलावर टेकली आणि म्हणाली, "तिला बाहेर काढ."

तेवढ्यासाठी हे पत्र. तो तुला नेहमीसारखा मागेच बसवेल, चाइल्ड लॉक लावून. आता नीट वाच. दणक्यानंतर वीज जाते, विजेची दारं मरतात आणि मला पुतळे पहारीने काढावे लागतात. त्यावरून मी डिझाइनवाल्यांशी भांडले. शेवटी त्यांनी आतून ओढायची एक तार दिली, पण दिसली तर दाराची शोभा जाते म्हणून लपवली. गाडीच्या माहितीपुस्तकात ती शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे, आणि तुझा नवरा पुस्तक वाचणाऱ्यातला नव्हे. मागच्या दाराच्या खिशात तळाला रबर आहे. ते उचल. खाली तारेची कडी लागेल. कट् वाजेपर्यंत ओढ आणि खांद्याने दार ढकल. चाइल्ड लॉक असो, फोनचं कुलूप असो, दार उघडतंच.

बॅटरी छोटी आहे, एका दमात गाडी त्या नव्या गावापर्यंत पोचत नाही. हमरस्त्यावर चार्जिंगची एकच जागा आहे, तिथे त्याला थांबावंच लागेल. तो तुला कोंडून चहाला जाईल. केबल लागलेली असताना गाडी तसूभर हलत नाही, म्हणजे तुला घेऊन पळताही येणार नाही. मी तिथे असेन. मनाई मला त्याच्याजवळ जायची आहे, तुझ्याजवळ यायची नाही. पकडतील तर पकडू देत. काच फोडून तुला ओढून काढणं मला जड नाही, तो माझा धंदाच आहे. पण ते मी करणार नाही, छोटे. पुन्हा तू म्हणशील, ताईने मोडलं. मी नुसती दारासमोर उभी राहीन, हात मागे बांधून. कडी तू ओढायची.

तुझीच,
तापट असले तरी तुझीच,
ताई