ज्या फायली कोणी मागत नाही

७ डिसेंबर १९९६, शनिवार

डोळे दाखवायला बारामतीला गेलो. मोतीबिंदू पिकला नाही म्हणे. परत या!

तिथून नात दिपाली नोकरीला आहे त्या डेअरीत. एमआयडीसीत आहे. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायच्या — देवळासारखं. मशीनच्या पोटात फायली असतात. एक दुसरीला हाक मारते, तेव्हा काम होतं. सहाशे फायली झाल्यात, कोण कुणाला हाक मारते कुणालाच ठाऊक नाही. म्हणून दिपालीनं प्रोग्राम लिहिला. काळ्या पडद्यावर फाईलचं नाव टाइप केलं, की ती कुणाकुणाला लागते ते खाली येतं. बावीस फायलींपुढे आलं — ‘कोणी मागत नाही’. मशीनमध्ये जागा उरली नाही, म्हणून पुढच्या शनिवारी साहेबांसमोर त्या पुसणार.

"माझं नाव घाल की," म्हटलं. घातलं. ‘अशी फाईल नाही’. पोरगी पोट धरून हसली. मीही हसलो. उगीच.

९ डिसेंबर

बावीस म्हणजे थोड्या नाहीत. चुकलं तर? नोकरीला चारच महिने झालेत तिला. सून म्हणते, "मामंजी, तुमाला त्यातलं काय कळतंय?" खरं आहे. चौथी नापास.

१० डिसेंबर

पाठ दुखते. लिहावंसं वाटत नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

इथं बावड्यात डेअरीचं दूध केंद्र आहे. तिथं बसलो होतो. मशीन कुंडलिक चालवतो. त्यानं काळी चौकोनी फ्लॉपी दाखवली. "आबा, दर सोमवारी बारामतीला जातो, तिथल्या फायली ह्यात भरून आणतो. आमच्या फायलीबी ह्यातच हायेत; त्या तिथल्यांना हाक मारत्यात, तवा आमचं मशीन चालतंय."

चहा तसाच राहिला.

मेंढरं होती तेव्हा संध्याकाळी जाळीतून कोकरं सोडायचो. जे ते आपली आई हुडकायचं. एखादं ओरडत उरायचं. पोरकं म्हणून लगेच बाजूला काढत नसू. बाप म्हणायचा, "थांब रं, दुसरा कळप यायचाय."

दिपालीचं मशीन एकच कळप बघतं! बावड्याचा त्याला दिसतच नाही.

फोन करावा, तर तो साहेबांच्या टेबलावर. नको! स्वतः जातो.

१४ डिसेंबर

पहिली एस.टी. कुंडलिकची फ्लॉपी बंडीत, छातीशी. गेटवर वॉचमन — "म्हातारबा, दूध घालायचं तिकडं."

दिपाली बाहेर आली, चिडलेली. "आबा, आज न्हाय हो! साहेब येऊन बसल्यात." मी तसाच बोलत सुटलो — कोकरं, कळप, कुंडलिक. धड सांगताच येईना. मग तिनं मला आत नेलं. फ्लॉपी घातली, प्रोग्राम पुन्हा फिरवला. बावीसातल्या एकोणीस फायलींपुढे — बावडा, बावडा, बावडा.

ती साहेबांकडे वळली. "सर, आज काहीच पुसायचं नाही. प्रोग्राम चुकलाय माझा." साहेबांच्या कपाळाला आठ्या. मला बाहेर जायला सांगितलं.

एस.टी.त बसल्यावर कळलं — चपला तिथंच राहिल्या.

१५ डिसेंबर

निरोप नाही. पोरीची नोकरी घालवली की काय मी? पुसू दिलं असतं तर गेली असती, न पुसूनही जायची.

१६ डिसेंबर, सोमवार

कुंडलिक बारामतीहून आला. माझ्या चपला घेऊन! दिपाली कामावर आहे. प्रोग्राम आता सगळ्या केंद्रांच्या फ्लॉप्या तपासतो. साहेबांनी विचारलं, ह्याला नाव काय? आता म्हणे ‘आबा’ टाइप केलं, की मशीन हुडकायला निघतं.

म्हातारपणीसुद्धा बसू देत नाहीत!